भाजल्याच्या वणासाठी प्रेशर गार्मेंट आणि सिलिकॉन शीट: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

घरात कोणी भाजलंय, ग्राफ्ट (अंगावरची दुसरीकडची कातडी काढून जखमेवर लावणं) झालंय, डिस्चार्ज मिळालाय आणि कार्डाच्या तळाशी डॉक्टरी अक्षरात 'प्रेशर गार्मेंट, सिलिकॉन शीट, मसाज' एवढंच एका ओळीत खरडलंय, अशा लोकांसाठी लिहितेय. ऑपरेशनबद्दल सगळे बोलतात, बिलाबद्दल तर बोलतातच, पण त्यानंतर वर्ष-दीड वर्ष घरी जे करत बसायचं असतं ते कोणी नीट सांगत नाही. मेडिकलवाल्याला विचारावं तर तो तिसरंच एखादं क्रीम हातात ठेवतो.

केस थोडक्यात. आमची आई, साठीच्या पुढची, दिवाळीच्या चकल्या, कढईतलं तेल, उजवा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत. शेजारच्या काकू हळदीचा डबा घेऊन धावत आल्या होत्या, भावाने त्यांना दारातच थांबवलं आणि आईचा हात नळाखाली धरला. (साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद तर नाहीच नाही.) काही भाग आपोआप भरला, कोपराच्या खळगीतला खोल होता तिथे मांडीची पातळ कातडी काढून लावली. आणि मांडीच जास्त दुखते हो! वरचा थर सोलून घेतलेला असतो, खालच्या नसांची टोकं उघडी पडतात, त्यामुळे आई सारखी म्हणायची, भाजला हात आणि रडवतेय मांडी. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, विचारू नका, हा रिव्ह्यू हॉस्पिटलचा नाही, नंतरच्या सामानाचा आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढच्या सगळ्या खरेदीत फसायला होतं. जखम बंद झाली म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं, पण खाली शरीर कोलॅजन (ज्याने कातडी आणि वण दोन्ही बनतात ते प्रथिन) बनवतच राहतं. हात घरी आला तेव्हा सपाट होता, छान दिसत होता, आम्ही खूष. मग हळूहळू लाल व्हायला लागला, उचलून आला, कडक झाला आणि खाज अशी की आई रात्री उठून बसायची. साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ जी जखम भरायला घेते तिथे असा जाड वण यायची शक्यता बरीच असते. आणि तो सांध्यावर असला की नुसता दिसायचा प्रश्न राहत नाही, कातडी आखडते, कोपर सरळ होईना होतं. म्हणून हे सामान. सौंदर्यप्रसाधन म्हणून याच्याकडे बघितलंत तर निराशाच होईल.

आता प्रेशर गार्मेंट, म्हणजे वणावर सतत दाब ठेवणारी इलास्टिकची घट्ट बाही. पहिलं आम्ही सदाशिव पेठेतल्या एका सर्जिकलच्या दुकानातून तयार घेतलं, एस एम एल असे साइज, चांगला ब्रँड आहे मॅडम, सगळे हेच नेतात वगैरे. एकदम टाकाऊ. मनगटाला ढगळ, कोपराला आवळणारं, संध्याकाळपर्यंत बोटं सुजून अंगठी रुतायला लागली. आणि जिथे दाब हवा त्या खळगीतच कापड गोळा होऊन चुण्या पडत होत्या. परत घ्यायला दुकानदार तयार नाही, 'अंगाला लागलेला माल परत घेत नाही' म्हणे. त्याचंही एका अर्थी बरोबर आहे, पण मग विकताना टेपने हात तरी मोजायचा की नाही?

मग फिजिओने (व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टने) एका काकांचा पत्ता दिला जे फक्त हेच शिवतात. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर, बाहेर पाटीसुद्धा धड नाही. इथे मात्र मानलं. हात टेबलावर पालथा ठेवून मनगटापासून वर दर दोन बोटांवर टेप लावून माप, प्रत्येक माप वहीत, मग कोपर वाकवून परत माप. आईला म्हणाले, "मावशी, तुम्ही स्वयंपाक उजव्या हाताने करता ना, मग अंगठ्याचं भोक मोठं ठेवतो, पोळी लाटताना काचणार नाही." शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात म्हणजे नाजूक कातडीवर घासत नाही. आणि वरून खालपर्यंत चेन, त्यामुळे ओढून चढवावं लागत नाही, नव्या ग्राफ्टवर ओढाओढ झाली की कातडी सोलते, फोड येतात. किंमत तयार मालाच्या दुप्पटीहून जास्त. दोन सेट लागतातच, एक अंगावर एक दोरीवर. आणि हे कायम टिकत नाही, साधारण तीन महिन्यांत ताण जातो, मग नुसतं कापड राहतं, परत माप परत शिलाई. हा खर्च आधी धरून ठेवा, कोणी सांगत नाही.

दिवसातले तेवीस तास घालायचं असतं, एक तास आंघोळ आणि मसाजला. लिहायला सोपं आहे. एप्रिल-मेमधलं पुणं, दुपारी चारला पत्र्यासारखी तापलेली गच्चीखालची खोली, त्यात लाइट गेलेले आणि हाताला हे घट्ट कातडं. आई वैतागून काढून फेकायची आणि आम्ही परत चढवायचो, यावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरून झाली नसतील. पावसाळ्यात वेगळं नाटक, धुतलेला सेट वाळतच नाही (इस्त्री करू नका, इलास्टिक मरतं, पंख्याखाली टाका).

मग उपयोग होतो का? इथे मी जरा खोलात शिरले कारण एवढा छळ करायचा तर काहीतरी पुरावा हवा ना. तर गंमत अशी की पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. २००९ मध्ये बऱ्याच ट्रायल्स (पेशंटवर केलेल्या चाचण्या) एकत्र करून बघितल्या गेल्या, त्यात वणाची उंची थोडीशी कमी होते एवढं दिसलं, एकूण वणात फार फरक सिद्ध झाला नाही. पण त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या लोकांनी बारा वर्षांचं काम छापलं, ते मला जास्त पटलं कारण ते नेमकं हाताचंच आहे. ६७ पेशंट, प्रत्येकाच्या भाजलेल्या हाताच्या अर्ध्या भागावर नीट घट्ट गार्मेंट आणि उरलेल्या अर्ध्या भागावर जवळजवळ सैल, म्हणजे माणूस तोच, कातडी तीच, फरक फक्त दाबाचा. निकाल: घट्ट भागातला वण मऊ आणि पातळ, पण हा फायदा डोळ्याला दिसण्याइतका फक्त मध्यम आणि जाड वणांमध्येच. हलका वण असेल तर फार फरक नाही. हे वाचून मला आईच्या हाताचा अर्थ लागला. कोपराजवळ जिथे जाड होता तिथे फरक स्पष्ट आहे, मनगटाकडे जिथे मुळातच हलका होता तिथे गार्मेंटने केलं की आपोआप झालं, देव जाणे. म्हणजे ज्यांचं भाजणं वरवरचं होतं आणि दोन आठवड्यांत भरलं त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून हा तेवीस तासांचा जाच मागे लावून घेऊ नये, आधी डॉक्टरला स्पष्ट विचारावं की मला हे खरंच लागणार आहे का.

आता सिलिकॉन शीट. पारदर्शक, थोडी चिकट, जेलीच्या पातळ वडीसारखी, कात्रीने वणाच्या आकाराची कापायची. जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय लावायची नाही, ओल असेल तर अजिबात नाही. पहिल्याच दिवशी चोवीस तास लावू नका, चार तासांपासून सुरू करून वाढवत न्या, नाहीतर उन्हाळ्यात खाली घाम साचून पुरळ उठतं, आमच्याकडे उठलं होतं, दोन-तीन दिवस बंद ठेवून परत सुरू केलं. रोज कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायची, टॉवेलने पुसायची नाही, तंतू चिकटतात, तशीच वाळू द्यायची. काही आठवड्यांनी चिकटपणा संपतो, मग गार्मेंटच्या खाली नुसती सरकवून ठेवली तरी जागेवर राहते, त्यामुळे एक शीट जरा जास्त ओढता येते. हजाराच्या वर एक पडते, कापून उरलेले तुकडे फेकू नका, बोटांच्या मध्ये वापरता येतात.

हे सिलिकॉनचं काम ऑस्ट्रेलियातून आलंय, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भाजलेल्या पेशंटच्या वणांवर वापरल्याचं छापून आलं तेव्हापासून. दाब पडतो म्हणून काम होतं असं आधी वाटायचं, आता बहुतेकांचं म्हणणं असं की शीट वणातला ओलावा उडू देत नाही, वरचा थर ओला राहिला की खालच्या पेशींना कोलॅजन बनवायचा निरोप कमी जातो. पण इथेही प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१३ च्या कॉक्रेन (वैद्यकीय पुरावा तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) रिव्ह्यूने सगळ्या ट्रायल्स तपासून पुरावा कमकुवत आहे, ट्रायल्सचा दर्जा बरा नाही, असंच लिहिलंय. तरी जगभरातले प्लास्टिक सर्जन हेच आधी देतात, कारण अपाय जवळजवळ नाही आणि दुसरं ठोस काही हातात नाही. आमचा अनुभव: खाज नक्की कमी झाली, ती पण लवकर. लालपणा कशाने गेला ते सांगता येत नाही, काळानेही जातोच. मी शीटला पाचात साडेतीन देईन, खाजेसाठी पाच.

जेलची ट्यूब पण मिळते, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर जिथे शीट राहत नाही तिथे ठीक. आमच्याकडे कोपराच्या खळगीत तीच वापरली. मोहरीएवढं घेऊन पातळ लावायचं, थापायचं नाही.

काय घेऊ नये ते पण सांगते. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावा, हे आपल्याकडे प्रत्येक मावशी सांगते. १९९९ मध्ये टाक्यांच्या वणांवर एक छोटी ट्रायल झाली होती, अर्ध्या वणावर व्हिटॅमिन ई घातलेलं मलम आणि अर्ध्यावर तेच मलम बिनव्हिटॅमिनचं. बहुतेकांना काही फायदा नाही किंवा उलट जास्त वाईट, आणि तिघांमागे एकाला ॲलर्जीचं पुरळ! कांद्याच्या अर्काची जेल्स पण खूप विकली जातात, आम्हाला पण दिली, नीट पुरावा मला सापडला नाही, वास मात्र सापडला. खोबरेल तेलाचा मसाज मात्र खुशाल करा, फिजिओनेच शिकवला, अंगठ्याने दाबून गोल गोल, कातडी पांढरी पडेपर्यंत दाब, नुसतं चोपडणं नाही. ग्राफ्टला स्वतःचा घाम नसतो, तेल सुटत नाही, त्यामुळे तेल न लावलं तर भेगा पडतात.

ऊन हा अजून एक विषय. नवीन वणावर ऊन पडलं की तो कायमचा काळपट होऊ शकतो. इथे पुण्याच्या बायका सगळ्या जगाच्या पुढे आहेत, सनकोट, हातमोजे आणि डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ, ज्याला बाहेरगावचे लोक हसतात. आईच्या सर्जननी सनकोट बघून सांगितलं, काकू, सनस्क्रीनपेक्षा हेच बरं, रोज घाला.

आता ज्या सेवेवर मी मनापासून चिडलेय ती. आईला कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही एका चकाचक स्किन क्लिनिकमध्ये गेलो, काचेचा दरवाजा, आत सुगंध, कॉफी विचारतात. हात गार्मेंटमधून बाहेर काढायच्या आधीच काउन्सिलर नावाच्या मुलीने पॅकेज समोर ठेवलं, लेझरच्या सिटिंग्ज अधिक पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं), आज बुक केलं तर डिस्काउंट, 'मॅम डाग नाइंटी पर्सेंट गायब'. डॉक्टर आले, हात बघितला, फोटो काढला, पण कोपर सरळ करून दाखवा असं एकदाही म्हणाले नाहीत. अहो, आईला डाग दिसतो याचं दुःख नव्हतंच, तिला वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता! निघालो तिथून. नंतर रोज मेसेज येत राहिले, ब्लॉक केलं.

लेझर खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वणात अगदी बारीक अशी असंख्य भोकं पाडतं, मधली मधली कातडी शाबूत ठेवून, मग ती भरताना कोलॅजन नव्याने जरा शिस्तीत बसतं, वण लवचीक होतो, खाज आणि ओढ कमी होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत भाजलेल्यांच्या वणांसाठी हे खरंच महत्त्वाचं काम झालंय. आमच्या सर्जननी पण लेझरचं नाव काढलं, पण सोबत काय सांगितलं बघा: आधी कोपर, गरज पडली तर झेड-प्लास्टीने ओढ सोडवू, म्हणजे वणाची रेघ झेड आकारात कापून त्रिकोण इकडचे तिकडे फिरवायचे की लांबी वाढते, मग लेझरचं बघू, आणि वण जाणार नाही, मऊ होईल. गायब हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही, आणि तीच मला त्यांची सगळ्यात मोठी शिफारस वाटते.

ओपीडीत बसून बसून आणि घरी वाचून वाचून नव्या संशोधनाबद्दल बरंच कळलं, ते पण टाकते कारण व्हॉट्सॲपवर 'आता भाजल्याचा डाग राहणार नाही' छाप फॉरवर्ड फिरत असतात. यातलं बहुतेक ताज्या जखमेसाठी आहे, आईसारख्या जुन्या वणासाठी नाही, हा फरक फॉरवर्डमध्ये कोणी सांगत नाही.

उदाहरणार्थ, नेक्सोब्रिड. अननसाच्या देठातल्या एन्झाइम्सपासून बनवलेलं जेल, भाजलेली मेलेली कातडी चार तासांत विरघळवतं आणि चांगली कातडी सोडून देतं, त्यामुळे सुरीने खरवडताना जी चांगली पण जाते ती वाचते आणि ग्राफ्ट कमी लागतं. युरोपात २०१२ ला आणि अमेरिकेत डिसेंबर २०२२ ला मंजूर. आईला सांगितलं तर म्हणाली, मग आपण अननसच चोळायचा होता की. नाही आई, नाही, आणि वाचणाऱ्यांनी पण नाही!

किंवा रिसेल. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या सर्जन फिओना वूड यांनी स्प्रेने पेशी फवारायची पद्धत काढली, २००२ च्या बाली बॉम्बस्फोटात भाजलेल्यांवर उपचार करताना त्या जगभर माहीत झाल्या. टपाल तिकिटाएवढी कातडी घ्यायची, तिथल्या तिथे पेशी सुट्या करायच्या आणि त्या जखमेवर फवारायच्या, एक चौरस सेंटिमीटरमधून ८० चौरस सेंटिमीटरपर्यंत भागतं. अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालं. मांडी रडवणार नाही म्हटल्यावर आईचे डोळे चमकले. पण खोल जखमेला त्याच्यासोबत जाळीचं (चिरा पाडून जाळीसारखं ताणलेल्या कातडीचं) ग्राफ्ट लागतंच, म्हणजे मांडी पूर्ण सुटत नाही, थोडी सुटते.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलेलं काम अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं, २०२१ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात आलेलं. कातडीतल्या काही पेशी ताण पडला की एन्ग्रेल्ड नावाचं जीन (जनुक) चालू करतात आणि वण बनवायला लागतात. त्यांनी वर्टेपोर्फिन नावाचं औषध वापरून ताणाचा हा निरोपच अडवला, आणि जखम वणाशिवाय भरली, तिथे केस उगवले, ग्रंथी परत आल्या! हे औषध डोळ्यांच्या पडद्याच्या आजारात आधीपासून वापरात आहे, म्हणजे अगदी अनोळखी रसायन नाही. पण हे सगळं उंदरात. उंदराची कातडी सैल असते, आपली तशी नाही. तरी ताण हाच वणाचा मूळ खलनायक हे कळलं की फिजिओ स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारा आधार) लावा, टेप लावा म्हणून का ओरडते ते समजतं.

या सगळ्यात एक आपल्या गावची गोष्ट, राहवत नाही म्हणून. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान होता, टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं. वर्षभराने पुण्याजवळ वीट-मातीकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने बऱ्याच तयारीनंतर १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन इंग्लंडमध्ये केलं. कपाळाच्या कातडीचं नाक आजही तसंच करतात. ज्याने केलं त्याचं नाव मात्र त्या लेखात नाही. गाडीवानाचं आहे, सर्जनचं नाही, याचा मला फार राग येतो.

तर आता निकाल. माप घेऊन शिवलेलं गार्मेंट: जाड वण आणि सांधा असेल तर घ्याच, पाचात चार, एक मार्क उन्हाळ्याचा कापला. तयार साइजचं: शून्य. शीट आणि जेल वर सांगितलंच. फिजिओ: हे सामान नाहीये पण पाचात पाच, कारण कोपर आज जवळजवळ सरळ होतंय ते रात्रीच्या स्प्लिंटमुळे आणि त्या मुलीने आईला रागवून रागवून करून घेतलेल्या व्यायामामुळे. झेड-प्लास्टी तूर्त पुढे ढकलली आहे.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. त्या काकांकडे जायचं तर आधी फोन करून जा आणि हाताला सूज असेल त्या दिवशी माप देऊ नका, दुपारनंतर सूज वाढते म्हणून ते सकाळचंच बोलावतात. आणि कोणाचं वापरून झालेलं गार्मेंट फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका, ताण गेलेला असतो आणि माप दुसऱ्याच्या हाताचं. आईचे जुने दोन सेट आमच्याकडेच पडून आहेत, बरेच जण मागतायत, त्यांना हेच सांगते. न फोडलेली एक शीट मात्र आहे, कोणाला हवी असेल तर कोथरूडमधून घेऊन जा.